तपशील नीट मांडावा कसा?

काही वर्षांपूर्वी एका लहानशा वाचनालयाच्या ग्रंथसंग्रहाची यादी संगणकावर चढविण्याचे काम मी हाती घेतले होते. दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, प्रकाशनवर्ष आणि किंमत असे पाच रकाने, पायथन भाषेत लिहिलेला एक आटोपशीर प्रोग्राम, आणि अखेरीस प्रत्येक शीर्षकाच्या किती प्रती वा किती खंड संग्रही आहेत याचा गोषवारा, एवढाच त्या कामाचा व्याप होता. प्रोग्राम विनातक्रार चालला, बेरजा जुळल्या, आणि तो गोषवारा छापून मी ग्रंथपालबाईंच्या हाती ठेवला. त्यांनी कागद नीट न्याहाळला आणि अतिशय सौजन्याने विचारले, "यात आपली पुस्तके कुठे आहेत?" कागदावर एकही मराठी अक्षर नव्हते. प्रत्येक अक्षराच्या जागी एक उलटा तिरका दंड, त्यामागे रोमन लिपीतील यू, आणि त्यामागे चार-चार खुणांचा एक संकेतांक, अशी माळ या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये कोठेही परिच्छेद न पडता, पसरलेली होती. माहिती सगळी होती आणि बरोबरही होती, परंतु जिच्यासाठी ती गोळा केली त्या व्यक्तीला तिचा काडीचाही उपयोग नव्हता.

त्या दिवसापासून माझी अशी धारणा झाली आहे की प्रोग्राम लिहिणाऱ्याचे काम उत्तर काढल्याने संपत नाही. ते उत्तर ज्याच्या हाती जावयाचे त्याला वाचता, पडताळता आणि प्रसंगी खोडून काढता यावे अशा रूपात ठेवले म्हणजेच ते संपते. जुन्या काळी दफ्तरातील कारकुनाने फर्द लिहिताना रकाने सरळ आखावेत, रकमा एकाखाली एक याव्यात आणि बेरीज ठळक दिसावी, असा जो शिरस्ता असे, त्यामागे शोभेपेक्षा रुजुवातीची सोय अधिक होती. नीट मांडलेल्या कागदावर चूक लपून राहू शकत नाही. हीच गोष्ट संगणकाच्या बाबतीत कशी साधावी, याचे काही व्यावहारिक नियम पायथन भाषेच्या आधारे येथे सांगावयाचे आहेत.

प्रथम वाचणारा ठरवावा

कोणतीही मांडणी करण्यापूर्वी ती वाचणारा कोण आहे, हा प्रश्न स्वतःस विचारावा. वाचणारा मनुष्य असेल तर त्याला मोकळी जागा, ओळींची विभागणी आणि परिचित लिपी हवी. वाचणारा दुसरा प्रोग्राम असेल तर त्याला निश्चित व्याकरण हवे, मोकळ्या जागेशी त्याला कर्तव्य नाही. आणि वाचणारा प्रोग्राम लिहिणारा स्वतःच असेल, म्हणजे दोष शोधण्यासाठी क्षणभर आतील अवस्था पाहावयाची असेल, तर त्याला थोडक्यात पुष्कळ दिसावयास हवे. या तिघांना एकच कागद देऊ पाहणारा प्रोग्राम बहुधा तिघांचीही निराशा करतो.

यातून पहिला नियम निघतो तो असा, की माहिती आणि तिचा पोशाख यांची गल्लत करू नये. जे फंक्शन हिशेब करते त्याने स्वतः काहीही छापू नये. त्याने यादी किंवा कोश या स्वरूपात शुद्ध माहिती परत द्यावी, आणि ती कशी दाखवावयाची हे अगदी शेवटच्या टप्प्यावर, एका वेगळ्या फंक्शनने ठरवावे. किंमत साठवताना ती संख्याच असावी, "रुपये" हा शब्द आणि स्वल्पविराम तिला शेवटच्या क्षणी चिकटवावेत. तारीख साठवताना ती तारीखच असावी, तिचे मराठी महिन्यासह लिहिलेले रूप केवळ कागदावर उतरताना तयार व्हावे. तसेच "अमुक फाइल उघडली", "तमुक नोंद वगळली" असे जे खुलासे प्रोग्राम करीत असतो, ते मुख्य निर्गमाच्या प्रवाहात न मिसळता त्रुटींसाठी राखलेल्या स्वतंत्र प्रवाहात पाठवावेत. एरवी दुसरा प्रोग्राम तो निर्गम वाचावयास बसला, की पहिल्याच खुलाशाशी अडखळून थांबतो.

जेसनची शिस्त

आज संरचित माहितीची देवाणघेवाण ज्या रूपात सर्वाधिक होते ते जेसन हे रूप डग्लस क्रॉकफर्ड यांनी या शतकाच्या आरंभी पुढे आणले. २००६ साली त्याचे पहिले आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचा दस्तऐवज, प्रसिद्ध झाले, २०१३ मध्ये एक्मा संस्थेने त्याचे प्रमाण ठरविले आणि २०१७ मधील आरएफसी ८२५९ हा सध्याचा आधारभूत दस्तऐवज होय. त्याचे व्याकरण अतिशय कडक आहे. त्यात टीपा लिहिता येत नाहीत, यादीतील शेवटच्या घटकानंतर स्वल्पविराम चालत नाही, आणि संख्या केवळ इंग्रजी अंकांतच लिहाव्या लागतात. या कडकपणामुळेच जेसन हाताने जुळवून लिहिण्याचा मोह टाळावा. अवतरणचिन्हे आणि स्वल्पविराम स्वतः चिकटवत बसणाऱ्याचा प्रोग्राम, ज्या दिवशी एखाद्या शीर्षकातच अवतरणचिन्ह येते त्या दिवशी मोडतो. पायथनच्या जेसन विभागातील डम्प्स हे फंक्शन हे सर्व यथास्थित करते. आपण त्याला केवळ योग्य सूचना द्यावयाच्या असतात.

त्या सूचनांपैकी पहिली इंडेंट ही होय. ती दिली नाही तर सर्व मजकूर एका ओळीत येतो; तिचे मूल्य चार ठेवले तर प्रत्येक पातळी चार जागा आत सरकते आणि माहितीची घडण डोळ्यांना दिसू लागते:

{
    "शीर्षक": "कोसला",
    "लेखक": "भालचंद्र नेमाडे",
    "विषय": [
        "कादंबरी",
        "मराठी"
    ]
}

दुसरी सूचना मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे, आणि माझ्या त्या पहिल्या गोषवाऱ्याची विटंबना तिच्याच अभावी झाली होती. तिचे नाव एन्शुअर-अ‍ॅस्की, आणि तिचे मूळ मूल्य ट्रू असे आहे. म्हणजे आपण काही न सांगितल्यास पायथन रोमन अक्षरे, अंक आणि काही मोजकी चिन्हे सोडून इतर प्रत्येक अक्षराचा संकेतांक लिहितो. हा निर्णय ज्या काळी मार्गातील प्रत्येक यंत्रणा युनिकोड जाणत असेलच अशी खात्री नव्हती त्या काळाला धरून होता. आज आरएफसी ८२५९ स्वतःच परस्परांशी व्यवहार करणाऱ्या यंत्रणांमध्ये यूटीएफ-८ हेच संकेतन वापरावे असे सांगतो, तेव्हा ही सूचना फॉल्स करण्यास कोणताही संकोच बाळगू नये. हिशेबाच्या दृष्टीनेही त्यात लाभच आहे: "महाराष्ट्र" या शब्दात युनिकोडचे दहा संकेत आहेत, यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो, म्हणून तो शब्द तीस बाइटांत मावतो, तोच संकेतांकांच्या रूपात लिहिला तर साठ बाइट होतो आणि वाचता मात्र कोणालाच येत नाही. याच्या जोडीला फाइल उघडताना संकेतन यूटीएफ-८ असल्याचे प्रत्येक वेळी स्पष्टपणे लिहावे. न लिहिल्यास पायथन त्या त्या संगणकाची स्थानिक वहिवाट मानू शकतो, आणि विंडोजवर ती वहिवाट बहुधा देवनागरीला अनुकूल नसते.

तिसरी सूचना सॉर्ट-कीज. पायथनमधील कोश ३.७ या आवृत्तीपासून नोंदींचा क्रम हमखास राखतो, तेव्हा मनुष्यासाठी लिहिताना आपण ठरविलेला स्वाभाविक क्रम, म्हणजे आधी शीर्षक, मग लेखक, मग वर्ष, तसाच राहू द्यावा. परंतु काल काढलेली यादी आणि आज काढलेली यादी यांची ओळीस ओळ ताडून पाहावयाची असेल, तर कोशातील किल्ल्या, म्हणजे नोंदींची नावे, वर्णक्रमाने लावाव्यात, म्हणजे खरा फरक तेवढाच नजरेस पडतो. संचांच्या बाबतीत विशेष सावध असावे. शब्दांच्या संचाचा क्रम प्रत्येक वेळी प्रोग्राम चालविताना बदलू शकतो, आणि जेसनला संच मुळातच मान्य नसतो, म्हणून संचाची क्रमवार लावलेली यादी करूनच तो पुढे द्यावा.

वाचणारे यंत्र असेल तेव्हा याच्या नेमके उलट वागावे: इंडेंट देऊ नये, आणि सेपरेटर्स या सूचनेने स्वल्पविराम व अपूर्णविराम यांच्यापुढील मोकळी जागाही काढून टाकावी. नोंदी एकामागून एक सतत येत राहणार असतील तर संपूर्ण यादी एका महाकाय कंसात कोंडण्यापेक्षा एका ओळीत एक नोंद लिहिण्याचा रिवाज पुष्कळ सोयीचा ठरतो, कारण अशी फाइल मध्येच तुटली तरी आधीच्या सर्व ओळी शाबूत राहतात. पुढे कोणास ती डोळ्यांनी पाहावीशी वाटली, तर पायथनबरोबरच मिळणारे जेसन-टूल हे साधन आदेशपंक्तीवरूनच ती सुबक करून दाखविते, ३.९ या आवृत्तीपासून त्यालाही देवनागरी अक्षरे जशीच्या तशी ठेवावयास सांगता येते.

जे जेसनमध्ये बसत नाही ते

व्यवहारातील माहितीत तारखा असतात, पैशाच्या रकमा असतात, क्वचित रिकाम्या जागाही असतात, आणि जेसनला यांपैकी तारीख ठाऊक नाही, तर पायथनचा जेसन विभाग दशमान अचूक संख्याही स्वीकारत नाही. अशी वस्तू समोर येताच डम्प्स त्रुटी दाखवून थांबते. येथे पुष्कळ जण डिफॉल्ट या सूचनेला सरसकट "सगळ्याचे अक्षररूप कर" असे फर्मान देऊन मोकळे होतात. ही घाई अंगाशी येते, कारण मग जी वस्तू चुकून तेथे आली तीही निमूटपणे अक्षररूप धारण करून निघून जाते आणि चूक उघड होण्याची संधी हुकते. त्याऐवजी एक लहान फंक्शन लिहावे: तारीख असेल तर वर्ष, महिना, दिवस या क्रमाचे आयएसओ रूप परत द्यावे; रक्कम असेल तर तिचे अक्षररूप, किंवा पैशांतील पूर्णांक परत द्यावा; आणि याखेरीज काहीही आले तर पूर्ववत त्रुटीच दाखवावी.

रकमांसाठी फ्लोट हा प्रकार वापरू नये, हा सल्ला वारंवार दिला जातो; त्याचे कारण असे, की द्विमान पद्धतीत ०.१ ही संख्या नेमकी लिहिताच येत नाही. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज पायथन ०.३०००००००००००००००४ अशी दाखवितो, आणि २.६७५ ही संख्या दोन दशांशस्थळांपर्यंत आणावयास सांगितल्यास, शाळेत शिकलेल्या नियमाविरुद्ध, २.६७ असे उत्तर देतो. डेसिमल हा प्रकार वापरावा, आणि तो फ्लोटपासून न बनविता अक्षररूपापासून बनवावा, म्हणजे आपण लिहिले तेच राहते. मोठ्या क्रमांकांचाही असाच एक धोका आहे: पायथनमध्ये पूर्णांकाला मर्यादा नाही, परंतु जावास्क्रिप्टसारखी भाषा तोच जेसन वाचताना ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ या संख्येपलीकडील पूर्णांक अचूक ठेवण्याची हमी देत नाही, सबब ज्यांच्यावर बेरीज-वजाबाकी करावयाची नसते असे लांबलचक ओळख क्रमांक अक्षररूपातच लिहावेत. शेवटी, "ही संख्याच नव्हे" असे सांगणारे नॅन हे मूल्य पायथन मुकाट्याने लिहून टाकतो, परंतु जेसनच्या व्याकरणाला ते मान्य नाही; अलाउ-नॅन ही सूचना फॉल्स ठेवली, तर अशी नोंद दुसऱ्याच्या दारी जाण्यापूर्वी आपल्याच दारी अडविली जाते.

केवळ स्वतःच्या डोळ्यांसाठी आतील अवस्था पाहावयाची असेल, तर या सर्व खटाटोपाची गरज नाही; पीप्रिंट हा विभाग त्यासाठीच आहे. तो ओळीची रुंदी मूळच्या ऐंशी अक्षरांत राखतो, तारखा व संच यांनाही नाकारत नाही, आणि लहान यादी एका ओळीत मावत असेल तर ती उगाच फोडत नाही. मात्र तो किल्ल्या आपण होऊन वर्णक्रमाने लावतो; मूळ क्रम हवा असल्यास ३.८ पासून उपलब्ध असलेले पीपी हे त्याचे लघुरूप वापरावे. त्याचा निर्गम दुसऱ्या प्रोग्रामला देण्यासाठी नव्हे, एवढे स्मरणात ठेवले म्हणजे पुरे.

तक्ता आणि देवनागरीचे माप

एकाच घडणीच्या पुष्कळ नोंदी असल्या, की मनुष्याला तक्त्यासारखे दुसरे रूप नाही. पायथनच्या एफ-स्ट्रिंगमध्ये, ज्या ३.६ या आवृत्तीत २०१६ साली आल्या, अपूर्णविरामानंतर रुंदी आणि बाजू लिहिता येते. शब्द डावीकडे आणि संख्या उजवीकडे लावाव्यात, म्हणजे एकक एककाखाली आणि दशक दशकाखाली येतो. परंतु हा उपाय रोमन लिपीत जितका बिनचूक तितका देवनागरीत नाही, आणि याचे कारण नीट समजून घेणे आवश्यक आहे.

पायथन रुंदी मोजतो ती संकेतांची. आपला डोळा मोजतो ती अक्षरे. "कोसला" या शब्दात आपल्याला तीन अक्षरे दिसतात, पायथनला पाच संकेत. "मृत्युंजय" मध्ये आपल्याला चार अक्षरे दिसतात, पायथनला नऊ संकेत, कारण ऋकार, हलन्ताची खूण, उकार आणि अनुस्वार हे प्रत्येकी स्वतंत्र मोजले जातात. बारा जागांच्या रकान्यात पहिल्या शीर्षकापुढे सात रिक्त जागा पडतात आणि दुसऱ्यापुढे तीनच, तेव्हा पुढचा रकाना प्रत्येक ओळीत वेगळ्या ठिकाणी सुरू होतो. युनिकोडने मात्रांचे जागा घेणाऱ्या आणि जागा न घेणाऱ्या असे वर्ग केले आहेत आणि युनिकोडडेटा हा विभाग ते वर्ग सांगतो, परंतु जोडाक्षर प्रत्यक्षात किती रुंद दिसेल हे शेवटी टंक आणि पडदा यांच्या मर्जीवर राहते. म्हणून या मापाशी झगडत बसण्यापेक्षा मांडणीचा क्रमच बदलावा असा माझा सल्ला आहे: दाखल क्रमांक, वर्ष, किंमत हे अंकांचे रकाने आधी घ्यावेत आणि मराठी शीर्षक सर्वांत शेवटी, जेथे त्याच्या रुंदीवर कोणाचेच काही अवलंबून नाही. मराठी रकाने एकाहून अधिक असतील, तर तक्ता वेबपृष्ठाच्या रूपात किंवा सीएसव्ही करून द्यावा, म्हणजे रकाने आखण्याचे काम ज्याला ते खरोखर साधते त्याच्याकडे जाते.

सीएसव्हीसाठीही स्वतः स्वल्पविराम जोडू नयेत, सीएसव्ही विभागाकडूनच लिहवून घ्यावे. शीर्षकात स्वल्पविराम आला तरी ते शीर्षक अवतरणात घालून तो विभाग सांभाळून घेतो. फाइल उघडताना न्यूलाइन ही सूचना रिकामी ठेवावी, नाहीतर विंडोजवर प्रत्येक ओळीनंतर एक कोरी ओळ उमटते. आणि ती फाइल एक्सेलमध्ये उघडली जाणार असेल तर संकेतन यूटीएफ-८-सिग असे लिहावे. त्यामुळे फाइलच्या आरंभी एक अदृश्य खूण पडते, जिच्यावाचून एक्सेल पुष्कळदा देवनागरीचा चुराडा करून दाखविते.

अंकांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. एफ-स्ट्रिंगमध्ये स्वल्पविराम मागितला तर पायथन १,२३४,५६७ असे पाश्चात्त्य पद्धतीचे गट पाडतो. आपल्या वाचकाला मात्र १२,३४,५६७ असे लाखाच्या रीतीने हवे असते. यासाठी एक छोटे फंक्शन पुरते: उजवीकडील तीन अंक वेगळे काढावेत, उरलेल्यांचे उजवीकडूनच दोन-दोनांचे गट पाडावेत, आणि सर्व स्वल्पविरामाने जोडावेत. अंक देवनागरीत हवे असल्यास अखेरच्या क्षणी अक्षरांची अदलाबदल करणारे ट्रान्सलेट वापरावे. येथेही तोच पहिला नियम लागू आहे: हे सर्व केवळ मनुष्याच्या कागदासाठी, जेसनमधील संख्या मूळ रूपातच राहिल्या पाहिजेत.

रुजुवात

मांडणी पूर्ण झाली म्हणजे दोन परीक्षा घ्याव्यात. पहिली यंत्राची: लिहिलेला जेसन त्याच विभागाच्या लोड्सने पुन्हा वाचून मूळ माहितीशी ताडून पाहावा. या परीक्षेत कोशातील अंकरूप किल्ल्या अक्षररूप होऊन परत येतात आणि टपलची यादी होते, हे बदल ध्यानात येतात आणि पुढचे अनर्थ टळतात. दुसरी परीक्षा मनुष्याची: ज्याला प्रोग्रामिंगचा गंध नाही परंतु मूळ विषय ठाऊक आहे, अशा व्यक्तीच्या हाती तो कागद द्यावा आणि आपण गप्प बसावे.

वाचनालयाचा तो गोषवारा मी याप्रमाणे पुन्हा काढला: मराठी अक्षरे शाबूत, शीर्षके वर्णक्रमाने, एका ओळीत एक, आणि खंडांची संख्या शीर्षकाच्या आधी. ग्रंथपालबाईंनी त्यावरून बोट फिरवीत नेले आणि ते एका ठिकाणी थांबले. आचार्य अत्र्यांच्या "कऱ्हेचे पाणी" या आत्मचरित्राचे नाव लागोपाठच्या दोन ओळींत होते, काही खंड एकीकडे आणि उरलेले दुसरीकडे. डोळ्यांना दोन्ही नावे एकच दिसत होती, पण यंत्राच्या दृष्टीने ती भिन्न होती. कारण आपला हा विशिष्ट रकार युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो, एकदा नुक्तायुक्त ऱ आणि हलन्त यांनी, आणि एकदा साधा र, हलन्त व जागा न घेणारा अदृश्य सांधा यांनी. यादी दोन निरनिराळ्या कळफलकांवरून भरली गेली होती. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण या दोन रूपांना एक करीत नाही, म्हणून माहिती आत घेतानाच दुसऱ्या रूपाचे पहिल्यात रूपांतर करणारी एक ओळ मी प्रोग्राममध्ये घातली, आणि मराठी माहिती हाताळणाऱ्या प्रत्येकाने ती घालावी अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

ही चूक पहिल्या कागदावरही होतीच. त्या संकेतांकांच्या माळेत ती मला दिसली नाही, ग्रंथपालबाईंना दिसणे शक्य नव्हते, आणि प्रोग्रामला तर ती चूक वाटलीच नव्हती. पुस्तके ओळखणाऱ्या व्यक्तीला ती वाचता येतील अशी मांडली, तेव्हा कोठे ती चूक सापडली.